लांबी-रुंदीची शाब्दिक उदाहरणं सारखी चुकतायत? समीकरण परत सोडवण्याआधी हे तपासा

आयताची लांबी काढा, चौरसाची बाजू काढा, त्रिकोणाचा पाया आणि उंची काढा, बीजगणितातली ही जी शाब्दिक उदाहरणं असतात ना, त्यांत ठरावीकच बिघाड होतात आणि तेच तेच परत होतात. मी ते इतक्या वह्यांमध्ये दुरुस्त केलेत की आता चुकीचं उत्तर बघितलं की साधारण अंदाज येतो कुठल्या ओळीत गडबड असणार. उत्तर जुळलं नाही की बहुतेक जण काय करतात, तेच समीकरण परत सोडवायला घेतात, परत तेच उत्तर येतं, मग अजून एकदा, आणि शेवटी वही बंद आणि "मला गणित जमतच नाही". पण समीकरण सोडवण्यात चूक नसतेच हो बऱ्याचदा. चूक असते ती समीकरण तयार होण्याच्या आधीच्या दोन-तीन ओळींत, आणि तिकडे कोणी बघतच नाही. म्हणून आधी लक्षण ओळखा, मग खालच्या क्रमाने तपासत जा, सोपं आधी, किचकट नंतर.

(अज्ञात संख्येला मी खाली क्ष म्हणतोय, तुमच्या वहीत एक्स असेल तर एक्स समजा, काही फरक नाही.)

लक्षणं

– उत्तर बरोब्बर दुप्पट किंवा साधारण दुप्पट येतंय, किंवा निम्मं येतंय.
– लांबी किंवा रुंदी ऋण येतेय.
– उत्तर चांगलं पूर्णांकात आलंय, तरी मागे दिलेल्या उत्तराशी जुळत नाही.
– क्ष च गायब झाला आणि "१६ = ९६" किंवा "७ = ७" असं काहीतरी उरलं.
– वर्गसमीकरणाचे अवयवच पडत नाहीयेत, वर्गमूळात विचित्र संख्या येतेय.
– दोन उत्तरं आली आणि कुठलं घ्यायचं कळत नाही.
– काहीच सुरू होत नाही, पान कोरं.

शेवटचं लक्षण सगळ्यात जास्त दिसतं आणि त्याच्यावर उपाय पण आहे, चौथ्या-सहाव्या तपासणीत येईल.

१. प्रश्नाचं शेवटचं वाक्य परत वाचा

फुकटची तपासणी, दहा सेकंद लागतात. "आयताच्या लांबी-रुंदीचं गुणोत्तर ५ : ३ आहे, परिमिती ६४ सेमी आहे, तर लांबी काढा." तुम्ही ५क्ष आणि ३क्ष घेतलं, २(५क्ष + ३क्ष) = ६४, म्हणजे १६क्ष = ६४, क्ष = ४, आणि उत्तर लिहिलं ४. सगळं बरोबर, फक्त ४ ही लांबी नाहीये, लांबी ५ × ४ = २० आहे. क्ष मिळाला की डोकं "झालं" म्हणतं, म्हणून हे होतं. प्रश्नात लांबी मागितलीय का रुंदी, का दोन्ही, का क्षेत्रफळ, ते सुरुवातीलाच पेन्सिलने अधोरेखित करून ठेवा म्हणजे शेवटी शोधावं लागत नाही.

२. एककं एकच आहेत का

हे पण स्वस्तातलं काम, पण हे निसटलं तर पुढचं सगळं वाया जातं. उदाहरण बघा: एका आयताकृती पत्र्याची लांबी रुंदीपेक्षा ४० सेमी ने जास्त, परिमिती ४ मीटर. घाईघाईत मांडलं २(२क्ष + ४०) = ४, तर २क्ष + ४० = २ आणि क्ष = −१९. रुंदी उणे एकोणीस! आता हा माणूस चिन्हाची चूक शोधत बसणार, आणि चिन्हाची चूक कुठेच नाहीये. ४ मीटरचे ४०० सेमी केले की २क्ष + ४० = २००, क्ष = ८०, लांबी १२०, संपलं.

क्षेत्रफळात जास्त सांभाळायला लागतं. १ मीटर म्हणजे १०० सेमी हे सगळ्यांना पाठ असतं पण १ चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेमी, १०० नाही, कारण लांबी पण शंभराने आणि रुंदी पण शंभराने. ०.९६ चौमी चे ९६ चौसेमी करणारे खूप जण बघितलेत, ते ९६०० असतात.

३. उत्तर प्रश्नात घालून बघा, समीकरणात नाही

पडताळा सगळे घेतात पण चुकीच्या जागी घेतात. तुम्ही स्वतः मांडलेल्या समीकरणात क्ष घातला तर दोन्ही बाजू सारख्या येणारच, त्यातूनच तर तो आलाय! मांडणीच चुकली असेल तर हा पडताळा काहीच सांगत नाही. पडताळा घ्यायचा तो प्रश्नातल्या मराठी वाक्यांशी.

आता हे एक उदाहरण आपण शेवटपर्यंत नेऊ: "आयताची लांबी त्याच्या रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ सेमी ने कमी आहे, परिमिती ५४ सेमी, तर लांबी आणि रुंदी काढा." कोणीतरी मांडलं क्ष + (२क्ष − ३) = ५४, त्यावरून ३क्ष = ५७, क्ष = १९, लांबी ३५. छान पूर्णांक, समीकरणात घातलं तर १९ + ३५ = ५४, जुळलं. पण आता खरोखर १९ बाय ३५ च्या आयताला चारही बाजूंनी फिरून या, १९ + ३५ + १९ + ३५ = १०८. दिली होती ५४. बरोब्बर दुप्पट. म्हणजे परिमितीतला २ राहिला, दुसरं काहीही नाही. योग्य मांडणी २(क्ष + २क्ष − ३) = ५४, क्ष = १०, लांबी १७.

म्हणून म्हणतो चुकीचं उत्तर खोडून टाकू नका. ते किती चुकलंय आणि कुठल्या बाजूला चुकलंय त्यावरून बिघाड कुठे आहे ते कळतं. प्रश्नात घातल्यावर परिमिती दुप्पट निघाली तर परिमितीचा २, त्रिकोणाचं क्षेत्रफळ निम्मंच भरलं तर सूत्रातला १/२, शंभरपटीचा घोळ दिसला तर एकक.

४. कच्ची आकृती काढा, आणि सगळ्या बाजूंवर लिहा

आकृती काढा हे सगळेच सांगतात आणि मुलं काढतात पण, एक चौकोन काढून त्याच्यावर एका बाजूला क्ष लिहितात आणि सोडून देतात. त्याचा उपयोग नाही. आयत असेल तर चारही बाजूंवर लिहायचं, त्रिकोण असेल तर तिन्ही. कारण परिमिती म्हणजे आकृतीवर लिहिलेल्या सगळ्या बाजूंची बेरीज, लिहिलेलंच नसेल तर बेरजेत येणार कुठून.

समद्विभुज त्रिकोणात हे फार होतं. परिमिती ३२ सेमी, पाया प्रत्येक समान बाजूपेक्षा ४ सेमी ने कमी. आकृती न काढता मांडलं तर क्ष + (क्ष − ४) = ३२, क्ष = १८, पाया १४. पण समान बाजू दोन आहेत! तिन्ही बाजूंवर लिहिलं असतं क्ष, क्ष, क्ष − ४, तर ३क्ष − ४ = ३२ हे समोर दिसलंच असतं, क्ष = १२ आणि पाया ८.

आकृती मापात काढायची गरज नाही, पट्टी पण नको. पण एक करा, प्रश्नात लांबी जास्त म्हटलंय तर आकृतीत पण लांब काढा. चौरसासारखा दिसणारा आयत काढला की कुठली बाजू कुठली ते पाच मिनिटांनी स्वतःलाच आठवत नाही.

५. क्ष म्हणजे नक्की काय, ते एका ओळीत लिहिलंय का

"समजा, रुंदी = क्ष सेमी." एवढी एक ओळ. परीक्षेत हिला मार्क असतो म्हणून नाही सांगत, ही ओळ नसली की अर्ध्या उदाहरणात क्ष रुंदी असतो आणि उरलेल्या अर्ध्यात तोच क्ष लांबी होऊन बसतो, आणि हे वहीत शोधून काढणं फार अवघड जातं कारण प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे बरोबर दिसते.

कशाला क्ष म्हणायचं? माझं मत, ज्याच्याशी तुलना केलीय त्याला. "लांबी रुंदीच्या तिपटीपेक्षा २ ने जास्त" यात लांबीचं वर्णन रुंदीवरून केलंय, म्हणून रुंदी क्ष, लांबी ३क्ष + २. उलट केलं, लांबी क्ष घेतली, तर रुंदी होते (क्ष − २) भागिले ३, चूक नाही पण उगाच अपूर्णांक ओढवून घेतला, आणि अपूर्णांक आले की पुढे चुका वाढतात.

६. वाक्याचं समीकरण होताना काय झालं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त उदाहरणं इथेच मोडतात.

मघाचंच वाक्य घ्या, "लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ ने कमी". याचे वह्यांमध्ये काय काय प्रकार दिसतात:

लांबी = २क्ष − ३ (हे बरोबर)
लांबी = ३ − २क्ष
लांबी = २(क्ष − ३)
लांबी + ३ची दुप्पट... आणि पुढे काहीच नाही

सूत्रं पाठ करून हे सुटत नाही. सुटतं ते आकडा घालून. क्ष बाजूला ठेवा, रुंदीला कुठलाही सोपा आकडा द्या, समजा २०. आता वाक्य मोठ्याने वाचा आणि तोंडी करा: रुंदी २०, तिची दुप्पट ४०, त्यापेक्षा ३ ने कमी, ३७. हे कोणीही करतं, ज्याला समीकरण अजिबात जमत नाही असं वाटतं तो पण करतो. आता बघा तुम्ही काय केलंत, २० ला २ ने गुणलं आणि मग ३ वजा केले. त्याच क्रमाने २० च्या जागी क्ष लिहा, २क्ष − ३. आणि बाकीचे प्रकार तपासायचे तर त्यांत २० घाला: ३ − ४० = −३७, चूक. २(२० − ३) = ३४, चूक. कुठलं बरोबर ते आकडाच सांगतो, कोणाला विचारायला लागत नाही.

ज्याचं पान कोरं राहतं ना, त्याला पण हेच सांगा. समीकरण मांड म्हणू नका. "रुंदी २० असती तर लांबी किती? बरं मग परिमिती किती आली?" तो सांगेल ३७, आणि मग ११४. "पण प्रश्नात तर ५४ दिलीय, मग २० जास्त झाले का कमी?" जास्त. आता त्याला दिसतं की कुठलातरी एक आकडा आहे ज्याला हे सगळं केलं की ५४ येतात, आणि तो आकडा माहीत नाही म्हणून त्याला क्ष म्हणायचं. इथून पुढे पान कोरं राहत नाही.

"३ ने जास्त" आणि "३ पट" यांची अदलाबदल पण याच पद्धतीने पकडली जाते. "निमपटीपेक्षा ५ ने जास्त" हे २० वर करून बघा, १० आणि ५, १५. क्ष/२ + ५. (क्ष + ५)/२ केलं तर साडेबारा येतात, नाही जुळत.

७. कंस

हे पटकन सांगतो. क्षेत्रफळ म्हणजे पूर्ण लांबी गुणिले पूर्ण रुंदी. लांबी क्ष + ७ असेल तर क्षेत्रफळ क्ष(क्ष + ७), कंस सोडून क्ष × क्ष + ७ लिहिलं की क्ष² + ७ होतं आणि ७ ला क्ष ने गुणायचं राहतं.

दुसरं, (क्ष + ४)² म्हणजे क्ष² + १६ नाही. "चौरसाची बाजू ४ सेमी ने वाढवली तर क्षेत्रफळ ९६ चौसेमी ने वाढतं, मूळ बाजू काढा." चुकीच्या विस्ताराने क्ष² + १६ − क्ष² = ९६, म्हणजे १६ = ९६, क्ष च उडून गेला. योग्य विस्तार क्ष² + ८क्ष + १६, मग ८क्ष + १६ = ९६, क्ष = १०. हे खरंच कळायला हवं असेल तर चौरस काढा आणि त्याच्या दोन बाजूंना ४ रुंदीच्या पट्ट्या जोडा, प्रत्येक पट्टी क्ष लांब, आणि कोपऱ्यात ४ × ४ चा छोटा चौरस उरतो. दोन पट्ट्या म्हणजे तो ८क्ष. तो मधला भाग कुठून येतो ते एकदा डोळ्याने दिसलं की परत विसरत नाही.

८. क्ष एका बाजूला की दोन्ही बाजूंना

बागेभोवती रस्ता, फोटोभोवती फ्रेम, पत्र्याचे कोपरे कापून पेटी, ही सगळी एकाच घरातली. आणि इथे एक फार फसवी गोष्ट होते ती बघा.

२० मी × १४ मी ची बाग, बाहेरून चारही बाजूंनी सारख्या रुंदीचा रस्ता, रस्त्याचं क्षेत्रफळ १५२ चौमी, रुंदी काढा. बाग २८०, बाग आणि रस्ता मिळून ४३२. बरेच जण मांडतात (२० + क्ष)(१४ + क्ष) = ४३२, त्यावरून क्ष² + ३४क्ष − १५२ = ०, अवयव (क्ष + ३८)(क्ष − ४), क्ष = ४. किती सुरेख सुटलं! अवयव पडले, पूर्णांक आला, संशय यायला जागाच नाही. आणि उत्तर चुकीचं आहे. रस्ता डावीकडे पण आहे आणि उजवीकडे पण, म्हणून बाहेरची लांबी २० + २क्ष आणि रुंदी १४ + २क्ष. मग ४क्ष² + ६८क्ष = १५२, क्ष² + १७क्ष − ३८ = ०, (क्ष + १९)(क्ष − २) = ०, रस्ता २ मी. २४ × १८ = ४३२, जुळलं.

पहिलं उत्तर सुरेख का आलं? कारण त्या माणसाने नकळत दोन्ही बाजूंच्या रस्त्यांची मिळून रुंदी काढली, ती खरंच ४ आहे. म्हणून अवयव सहज पडले म्हणजे मांडणी बरोबर, असं कधीही धरू नका. आकृतीत रस्ता काढा आणि डावीकडून उजवीकडे बोट फिरवत म्हणा, क्ष, वीस, क्ष.

दुसरं असंच. "लांबी २ ने कमी आणि रुंदी ३ ने जास्त केली तर क्षेत्रफळ १६ ने वाढतं, लांबी ३ ने जास्त आणि रुंदी १ ने कमी केली तर ६ ने वाढतं." इथे लांबीला ल आणि रुंदीला र घ्या. (ल − २)(र + ३) = लर + १६. लर बघून मुलं घाबरतात की हे कसं सोडवायचं, पण कंस सोडवा, लर दोन्हीकडे आहे, जातो. उरतं ३ल − २र = २२. दुसऱ्यातून ३र − ल = ९. र = ७, ल = १२. लर गेला नाही तर समजा उजवीकडे "मूळ क्षेत्रफळ" लिहायचं राहिलं आणि नुसतं १६ लिहिलंय. ही चूक फार कॉमन आहे.

आणि "७ = ७" आलं असेल तर? एकच माहिती दोनदा वापरलीत. लांबी रुंदीपेक्षा ७ ने जास्त म्हणून ल = र + ७ लिहिलं आणि मग तेच परत ल − र = ७ मध्ये घातलं. प्रश्नातली दुसरी अट अजून वापरलेलीच नाही, ती शोधा.

९. वर्गसमीकरणाची दोन उत्तरं

लांबी रुंदीपेक्षा ७ सेमी ने जास्त, क्षेत्रफळ ६० चौसेमी. क्ष(क्ष + ७) = ६०. पहिली गोष्ट, इथेच "क्ष = ६० किंवा क्ष + ७ = ६०" करू नका. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तरच त्यातली एक शून्य असते, ६० साठी असं काही नाही, म्हणून सगळं एका बाजूला आणून समोर ० करायचा. क्ष² + ७क्ष − ६० = ०, (क्ष + १२)(क्ष − ५) = ०, क्ष = ५ किंवा −१२. बाजू ऋण नसते, −१२ सोडा, रुंदी ५, लांबी १२.

ऋण उत्तर आलं म्हणजे चुकलं असं नाही, दोनपैकी एक ऋण येणं हे इथे साहजिक आहे. दोन्ही ऋण आली तर मात्र मागे जा.

आता "ऋण टाका, धन ठेवा" हा नियम पाठ करून पण भागत नाही. ३० × २२ सेमी च्या पुठ्ठ्याच्या चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापून उघडी पेटी केली, तळाचं क्षेत्रफळ ३८४. (३० − २क्ष)(२२ − २क्ष) = ३८४, सोपं रूप क्ष² − २६क्ष + ६९ = ०, क्ष = ३ किंवा २३. दोन्ही धन! पण २२ सेमी च्या बाजूतून दोन्हीकडून २३-२३ कसे कापणार. (−१६) × (−२४) पण ३८४ च होतात म्हणून समीकरणाला ते चालतं, पुठ्ठ्याला नाही. म्हणून क्ष मिळाला की आकृतीवरच्या प्रत्येक बाजूत घालून बघा, प्रत्येक बाजू शून्यापेक्षा मोठी यायला हवी.

आणि कधी दोन्ही उत्तरं चालतात. परिमिती ३४, क्षेत्रफळ ६०, तर क्ष(१७ − क्ष) = ६०, क्ष ५ किंवा १२. दोन वेगळे आयत नाहीत हे, एक ५ असेल तर दुसरी बाजू १२, एक १२ असेल तर दुसरी ५. तोच आयत आडवा आणि उभा.

हे शेवटचं उदाहरण फार जुनं आहे बरं का, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर दोन बाजूंची बेरीज आणि क्षेत्रफळ देऊन बाजू काढायला लावणारी उदाहरणं सापडलीत, आणि त्यांची रीत आजही अवयव न पडणाऱ्यांना उपयोगी आहे. बेरीज १७, निम्मे ८.५. वर्ग ७२.२५. त्यातून क्षेत्रफळ ६० वजा, १२.२५. वर्गमूळ ३.५. आता ८.५ + ३.५ = १२ आणि ८.५ − ३.५ = ५. झालं. दोन बाजू समान नसतात, मध्यापासून सारख्याच अंतरावर असतात, ते अंतर काढलं की काम संपतं.

अवयव पडतच नसतील आणि आकृती त्रिकोण असेल तर आधी १/२ बघा. पाया उंचीपेक्षा ६ ने जास्त, क्षेत्रफळ ५६: निम्मं विसरलात तर क्ष² + ६क्ष − ५६ = ०, वर्गमूळात २६० येतात, सुटत नाही. १/२ घातलं की क्ष² + ६क्ष − ११२ = ०, उंची ८, पाया १४.

१०. अशी आकृती असू शकते का

सगळं तपासलं, तरी जमत नाही? मग आकृतीवरच शंका घ्या. वरच्या रीतीत ७२.२५ मधून ६० वजा केले. क्षेत्रफळ ८० दिलं असतं तर? वजाबाकी ऋण, वर्गमूळ नाही, विवेचक (वर्गसमीकरणाच्या सूत्रात वर्गमूळाखाली येणारी संख्या) −३१. याचा अर्थ ३४ परिमितीचा ८० क्षेत्रफळाचा आयत नसतोच. दिलेल्या परिमितीत सगळ्यात मोठं क्षेत्रफळ चौरसाचं, म्हणजे परिमिती भागिले ४, त्याचा वर्ग. परिमिती आणि क्षेत्रफळ दोन्ही दिलेली असली की ही तपासणी सोडवायच्या आधीच तोंडी होते.

त्रिकोणात कुठल्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी हवी. बाजू क्ष, क्ष + २ आणि २क्ष + ५, परिमिती ४७, यातून क्ष = १० छान येतो, बाजू १०, १२, २५. पण १० + १२ = २२, पंचविसापर्यंत पोचतच नाही. बीजगणित बरोबर, त्रिकोण नाही. काटकोन त्रिकोणात कर्ण सगळ्यात मोठा आहे ना तेवढं पण बघा.

कधी थांबायचं आणि कोणाला विचारायचं

एका उदाहरणावर वरच्या सगळ्या तपासण्या एकदा नीट करून झाल्या आणि तरी अडलंय, तर थांबा. तासभर त्याच पानावर बसण्यात काही मिळत नाही. वहीतलं काही न खोडता शिक्षकांना दाखवा, चुकलेली मांडणीच त्यांना सगळ्यात जास्त उपयोगी असते.

विवेचक ऋण आला किंवा त्रिकोण बनत नाही, आणि दिलेले आकडे तुम्ही परत एकदा बघून बरोबर उतरवलेत, तर छपाईची चूक असण्याची शक्यता आहे. आकडे स्वतःच बदलून उत्तर जुळवू नका, शिक्षकांना विचारा. तसंच "लांबी ३ पटीने वाढवली" अशी वाक्यं, तिप्पट केली की मूळात तिप्पट अजून मिळवली, हे वाक्यावरून ठरत नाही, ज्याने प्रश्न काढलाय त्यानेच सांगायला हवं.

पेटीचं घनफळ दिलं आणि क्ष³ आला, आणि तुम्हाला अजून फक्त वर्गसमीकरणच शिकवलंय, तर तिथेच थांबा आणि विचारा. १, २, ३ घालून बघितलं तर कधी सुटतं, पण न शिकलेल्या रीतीत एकट्याने घुसू नका.

२क्ष + ३ = ११ हेच सुटत नसेल तर ही शाब्दिक उदाहरणं सध्या बाजूला ठेवा. दुखणं तिथे आहे, आधी ते शिक्षकांकडून पक्कं करून घ्या, नाहीतर वरच्या दहाही तपासण्या फुकट जातील.

आणि हे पालकांसाठी. मूल तोंडी सांगितलेलं उदाहरण सोडवतं पण तेच छापलेलं वाचून अजिबात कळत नाही, ओळी गाळतं, १२ चे २१ सारखे उतरवतं, बरेच महिने सराव करून पण तसंच, तर जास्त सराव लावू नका आणि रागावू तर अजिबात नका. आधी डोळे तपासून घ्या, ते ठीक असतील तर शाळेत बोला आणि वाचनाच्या, आकड्यांच्या अडचणी तपासणाऱ्या विशेष शिक्षकांना किंवा मानसशास्त्रज्ञांना दाखवा. ते काम घरच्या घरी होणारं नाही. तोपर्यंत उदाहरण तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा आणि आकृती मुलाला काढू द्या.